गोळी एकटी पोटात जात नाही : कुष्ठरोग आणि क्षयाच्या औषधांनी विदर्भाला काय शिकवलं



"डॉक्टर, अँटिबायोटिक दुधाबरोबर घेतलं तर चालतं का?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकावा लागतो. माझं उत्तर ठरलेलं असतं, "कोणतं अँटिबायोटिक? आणि त्याच्याबरोबर दुसरं काय चालू आहे?" पेशंटला वाटतं डॉक्टर टाळतायत. पण खरं सांगतो, यापेक्षा सोपं उत्तर नाही. अमॉक्सिसिलिन दुधाबरोबर घेतलं तर फारसं बिघडत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन घेतलं तर अर्धं औषध वाया जाऊ शकतं.

एक औषध दुसऱ्या औषधाचं, अन्नाचं किंवा शरीरातल्या आधीच्या आजाराचं काम बिघडवतं, तेव्हा त्याला आम्ही आंतरक्रिया म्हणतो. ही माहिती पुस्तकात एका दिवसात लिहिली गेली नाही. माणसांच्या अंगावर अनुभव घेऊन ती जमा झाली. त्यातला बराच अनुभव कुष्ठरोग आणि क्षय या दोन रोगांच्या औषधांनी दिला, आणि या औषधांच्या इतिहासातली काही महत्त्वाची पानं आपल्या यवतमाळच्या शेजारी, वर्धा नदीच्या पलीकडे लिहिली गेली. म्हणून आज ही गोष्ट इतिहासाच्या वाटेने सांगतो.

कडू कवठाच्या तेलाचे दिवस

१९४० पूर्वी कुष्ठरोगावर नाव घेण्यासारखं औषध एकच होतं. कडू कवठाच्या बियांचं तेल. ते पाजलं तर मळमळ आणि उलट्या होत, म्हणून पुढे ते सुईने देऊ लागले. सुईच्या जागी गाठी यायच्या, ठणका लागायचा. उपयोग व्हायचा तो तुटपुंजा.

त्या काळात आपल्या भागात औषधापेक्षा सेवा पुढे होती. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन सेवाग्रामला आले आणि गांधीजींनी स्वतः त्यांची शुश्रूषा केली, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. त्याआधी १९३६ साली मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं होतं. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभं केलं. वणीहून नदी ओलांडली की वरोरा लागतं. तिथे बाबा आमटे यांनी आनंदवन वसवलं. या माणसांनी जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या, रोग्यांना काम दिलं, मान दिला. रोगजंतू मारणारं औषध मात्र त्यांच्या हातात बराच काळ नव्हतं.

डॅप्सोन : औषध जुनं, मात्रा नवी

ते औषध खरं तर आधीच तयार होतं. डॅप्सोन हा पदार्थ जर्मनीत १९०८ साली प्रयोगशाळेत बनला होता. तेव्हा रोगाशी त्याचा काही संबंध नव्हता. १९३७ साली इंग्लंड-फ्रान्समधल्या संशोधकांना कळलं की तो जंतू मारतो. पण माणसाला देताना त्यांनी सल्फाच्या गोळ्यांचा हिशेब लावला, म्हणजे मात्रा ग्रॅममध्ये धरली. त्यामुळे तो विषारी ठरला आणि बाजूला पडला.

अमेरिकेत कारव्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात डॉ. गाय फॅजे यांनी १९४१ साली डॅप्सोनचंच एक सौम्य रूप, प्रोमिन, शिरेतून द्यायला सुरुवात केली. रोग्यांच्या जखमा भरू लागल्या. काही वर्षांतच आपल्या देशात, चेन्नईजवळच्या चेंगलपट्टू इथे डॉ. रॉबर्ट कोक्रेन यांनी मूळ डॅप्सोन सुईने देऊन पाहिलं. नायजेरियात डॉ. जॉन लो यांनी दाखवून दिलं की तोंडाने, अगदी थोड्या मात्रेत दिलं तरी पुरतं. आज प्रौढ माणसाला आपण रोज १०० मिलिग्रॅम देतो. जे औषध विषारी म्हणून टाकून दिलं होतं, ते मात्रा बदलल्यावर लाखोंचा आधार झालं.

इथे पहिला धडा लिहून ठेवा. औषध आणि विष यांतला फरक पुष्कळदा मात्रेचा असतो. आंतरक्रिया म्हणजे दुसरं-तिसरं काही नसून, तुम्हाला न कळता तुमच्या रक्तातली ही मात्रा वर किंवा खाली सरकणं होय. तुम्ही गोळी तेवढीच गिळता, पण रक्तात ती कधी दुपटीने असते, कधी निम्मी.

१९५१ साली वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झालं. तिथले डॉ. रा. वि. वार्डेकर यांनी वेगळी पद्धत बसवली. रोग्याने दवाखान्यात यायची वाट पाहायची नाही. कार्यकर्त्याने घरोघरी जाऊन तपासायचं, समजावून सांगायचं आणि गावातच औषध द्यायचं. डॅप्सोन स्वस्त होतं आणि तोंडाने घेता येत होतं, म्हणूनच हे शक्य झालं. पुढे हीच पद्धत देशाच्या कार्यक्रमाने उचलली.

काही जणांचं रक्त का उतरतं?

डॅप्सोन गावोगाव पोचलं तसं डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागलं की सगळ्यांचं शरीर ते सारखं पेलत नाही. थोडंफार रक्त बहुतेकांचं उतरतं. पण काही जण आठवड्याभरात पांढरेफटक पडत, लघवी चहासारखी काळपट होई, डोळे पिवळे दिसत, धाप लागे.

याचं एक मोठं कारण १९५६ साली अमेरिकेत सापडलं, तेही हिवतापाच्या प्रायमाक्विन या औषधावर काम करताना. आपल्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर असतं. पेशीला गंज लागू नये म्हणून ते काम करतं, असं समजा. काहींमध्ये ते जन्मतःच कमी असतं. एरवी त्यांना काही त्रास होत नाही, आयुष्यभर कळतही नाही. पण प्रायमाक्विन, डॅप्सोन किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिलं जाणारं नायट्रोफ्युरँटॉइन पोटात गेलं की पेशी फुटू लागतात. ही कमतरता आईकडून मुलाकडे येते आणि पुरुषांत जास्त दिसते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या संशोधकांनी पारशी समाजात ती लक्षणीय प्रमाणात असल्याचं दाखवलं. पुढे देशातल्या अनेक आदिवासी आणि बिगर-आदिवासी समाजांतही ती आढळली.

आपल्या भागातला दुसरा रक्ताचा आजार म्हणजे सिकलसेल. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. सिकलसेल आणि जी-सिक्स-पीडीची कमतरता हे दोन वेगळे आजार आहेत, पण एकाच माणसात दोन्ही असू शकतात. सिकलसेलच्या पेशंटचं हिमोग्लोबिन मुळातच कमी असतं. त्याला रक्त फोडणारं औषध देणं म्हणजे अर्ध्या भरलेल्या माठाला भोक पाडणं. म्हणून तुमच्या घरात कुणाला सिकलसेलचं लाल किंवा पिवळं कार्ड मिळालेलं असेल, तर ते फक्त सिकलसेलच्या तपासणीला नेऊ नका. सर्दी-खोकल्याला गेलात तरी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.

डॅप्सोनची आणखी एक गोष्ट. क्वचित कुणाला पहिल्या दोन महिन्यांत ताप, अंगभर पुरळ आणि कावीळ येते. औषध ताबडतोब थांबवलं नाही तर जिवावर बेततं. एका विशिष्ट जनुकाच्या लोकांना हा धोका फार जास्त असतो, हे चीनमधल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं. औषध वापरात येऊन सत्तर वर्षं झाली होती, तेव्हा हे कळलं.

लाल कॅप्सूल येते

एकट्या डॅप्सोनवर किती दिवस काढणार? औषध वर्षानुवर्षं घ्यायचं, त्यात खंड पडायचा. जंतू निर्ढावले. १९६४ साली मलेशियात डॅप्सोनला न जुमानणारे जंतू पुराव्यानिशी सापडले आणि मग जगभरातून तशाच बातम्या येऊ लागल्या.

दरम्यान इटलीत मिलान इथल्या लेपेटिट कंपनीच्या प्रयोगशाळेत, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या मातीतून १९५७ साली एक नवा जंतू वेगळा केला गेला. त्याने तयार केलेल्या पदार्थांना तिथल्या लोकांनी गमतीने त्या वेळी गाजलेल्या 'रिफिफी' या फ्रेंच चित्रपटावरून नाव दिलं. त्यातूनच पुढे रिफॅम्पिसिन झालं. तीच ती विटकरी-लाल कॅप्सूल. ती घेतली की लघवी, घाम, डोळ्यांचं पाणीदेखील नारिंगी होतं. घाबरण्यासारखं त्यात काही नसतं.

रिफॅम्पिसिनने क्षयाच्या उपचाराचा काळ दीड-दोन वर्षांवरून सहा महिन्यांवर आणला. कुष्ठरोगात तर त्याचा एकच डोस बहुतेक जंतूंचा खात्मा करतो. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी शिफारस केली की एकच औषध देणं बंद करा. डॅप्सोन, रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिन एकत्र द्या. हीच बहुविध औषधपद्धती, म्हणजे एमडीटी. आपल्या देशात ती सुरुवातीला ज्या मोजक्या जिल्ह्यांत आली, त्यांत वर्धा जिल्हा होता.

तेव्हा रिफॅम्पिसिन फार महाग होतं. रोज देणं परवडण्यासारखं नव्हतं, आणि महिन्यातून एकदा दिलं तरी कुष्ठरोगात काम भागत होतं. म्हणून ठरलं, ६०० मिलिग्रॅम महिन्यातून एकदाच, आणि तेही कार्यकर्त्याच्या डोळ्यांदेखत. पैशाच्या अडचणीतून निघालेल्या या तोडग्याचा एक मोठा फायदा झाला. तो समजण्यासाठी आपल्याला जिनिंगमध्ये जावं लागेल.

यकृत नावाचं जिनिंग

यवतमाळच्या माणसाला जिनिंग समजावून सांगायला नको. कापसाच्या गाड्या रांगेत येतात, आत रेचे चालतात, सरकी एकीकडे, रुई एकीकडे. रोजची आवक आणि रेच्यांची संख्या यांचा मेळ बसलेला असतो.

आपलं यकृत तसंच आहे. तुम्ही घेतलेली बहुतेक औषधं तिथे येतात आणि विकरं नावाची यंत्रं त्यांचा निचरा करतात. डॉक्टर जी मात्रा लिहून देतात, ती ही यंत्रं नेहमीच्या वेगाने चालतील असं धरून.

रिफॅम्पिसिन रोज पोटात गेलं की यकृत जास्तीचे रेचे बसवतं. एका दिवसात नाही, आठ-पंधरा दिवसांत. मग त्या रांगेतून येणाऱ्या दुसऱ्या औषधांचाही भराभर निचरा होऊ लागतो आणि रक्तातली त्यांची मात्रा घसरते. पेशीतला जो 'मालक' हे रेचे वाढवण्याचा हुकूम देतो, तो शास्त्रज्ञांना १९९८ साली सापडला. महिन्यातून एकदाच रिफॅम्पिसिन घेतलं तर मालकाला नवे रेचे बसवायची गरजच वाटत नाही. म्हणून कुष्ठरोगाच्या पेशंटना या कटकटीचा त्रास फार कमी झाला. क्षयाच्या पेशंटचं मात्र तसं नाही. आपल्या सरकारी कार्यक्रमात आधी आठवड्यातून तीन दिवस औषध मिळायचं. २०१७ पासून ते रोज दिलं जातं. क्षयासाठी ते योग्यच आहे. पण त्यामुळे सहा महिने रेचे जोरात चालू राहतात.

काही अँटिबायोटिक याच्या बरोबर उलट वागतात. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही जिनिंगचं फाटकच लावून घेतात. याला वेळ लागत नाही, एक-दोन दिवसांत परिणाम दिसतो. गाड्या बाहेर तुंबतात, म्हणजे दुसऱ्या औषधांची रक्तातली मात्रा वाढते. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर स्नायू दुखून गळून जायला होतं, बीपीच्या काही गोळ्यांनी चक्कर येते.

जर्मनीतल्या बायका आणि माझी चूक

१९७१ साली पश्चिम जर्मनीतल्या क्षयरोग डॉक्टरांच्या एक गोष्ट लक्षात आली. रिफॅम्पिसिन घेणाऱ्या, आणि पाळणा लांबवण्यासाठी गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या स्त्रियांची पाळी बिघडत होती. मधेच रक्तस्राव होत होता. काहींना तर गोळी न चुकवता गर्भ राहिला. कारण तेच. गोळीतल्या संप्रेरकांचा यकृत झपाट्याने निचरा करत होतं. औषधांच्या आंतरक्रियांच्या इतिहासात हे उदाहरण आजही पहिल्या पानावर असतं.

मी ते एम.डी.च्या परीक्षेसाठी वाचलं होतं. लिहिलंही असेन. आणि तरी चुकलो.

१९९० च्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच प्रॅक्टिस सुरू केली होती. घाटंजीकडच्या एका खेड्यातली पंचविशीतली बाई क्षयाच्या उपचारासाठी माझ्याकडे होती. दोन लेकरं होती. वजन वाढत होतं, खोकला थांबला होता, मी खूश होतो. चौथ्या महिन्यात ती आली ती खाली मान घालून. पाळी चुकली होती. उपकेंद्रातून मिळणारी माला-एनची गोळी ती रोज, न चुकता घेत होती. घरात तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. सासू म्हणत होती, ही गोळ्या फेकून देते. ती मला म्हणाली, "साहेब, म्या एकबी दिवस चुकवला नाई जी."

मी विचारलं, "माला-एन चालू आहे हे मला आधी का सांगितलं नाही?" ती म्हणाली, "तुमी इचारलंच नाई."

तिचं म्हणणं बरोबर होतं. मी खोकला विचारला, ताप विचारला, नवऱ्याच्या दारूचं विचारलं. हे विचारलं नाही. तिला वाटलं असेल, ती गोळी म्हणजे काय औषध का, ती तर ताईंनी दिलेली. मी तिच्या सासूला बोलावून सांगितलं की सुनेने गोळी चुकवली नव्हती, माझ्या औषधाने ती गोळी निकामी केली. ते सांगताना मला जड गेलं, पण तिला घरात मान वर करून राहता यावं म्हणून ते सांगणं गरजेचं होतं. त्या दिवसापासून मी रिफॅम्पिसिन लिहिण्याआधी प्रत्येक बाईला हा प्रश्न विचारतो, आणि पुरुष असेल तर घरवालीच्या नाही, त्याच्या स्वतःच्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला लावतो.

वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं. क्षयाचे रोजचे उपचार चालू असताना आणि ते संपल्यावर पुढचा एक महिना गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका; तातडीच्या गोळीवरही नाही. तांबी किंवा निरोध वापरा. क्षयाचं औषध मात्र स्वतःहून बंद करू नका.

एकच शुगर, दोन दिशा

मधुमेहाच्या पेशंटना हे विशेष करून सांगतो, कारण आपल्याकडे क्षय आणि मधुमेह हातात हात घालून येतात.

समजा, तुम्ही ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेता. क्षयासाठी रिफॅम्पिसिन सुरू झालं, तर ही गोळी लवकर संपते आणि शुगर वाढते. पेशंट म्हणतो, "पथ्य तर तेच आहे, मग शुगर का वाढली?" उलट तुम्हाला लघवीच्या त्रासासाठी को-ट्रायमोक्साझोल दिलं, तर हीच मधुमेहाची गोळी जास्त जोर धरते. शुगर एकदम खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, वयस्कर माणूस बरळतो, बेशुद्धही पडतो. गोळी एकच, पण दोन अँटिबायोटिक तिला दोन दिशांना ओढतात.

हृदयाची झडप बदललेल्या आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी घेणाऱ्यांचं असंच होतं. रिफॅम्पिसिन चालू असताना गोळीचा परिणाम घटतो, म्हणून डॉक्टर तिची मात्रा वाढवतात. पुढे क्षयाचं औषध संपतं, दोन-तीन आठवड्यांत जास्तीचे रेचे बंद होतात, आणि वाढवलेली मात्रा तशीच राहिली तर रक्तस्राव होऊ शकतो. म्हणजे औषध सुरू करताना तपासणी लागते, तशीच ते बंद केल्यावरही लागते. एचआयव्हीच्या डोलुटेग्रॅव्हिर या गोळीची मात्रासुद्धा रिफॅम्पिसिन चालू असताना दिवसातून दोनदा करावी लागते. फिट येऊ नये म्हणून घ्यायच्या फेनिटॉइनचीही रक्तातली पातळी बदलते.

आता दुधाच्या प्रश्नाकडे

१९९० च्या दशकाच्या अखेरीस, अंगावर एकच चट्टा असलेल्या कुष्ठरोग्यांना रिफॅम्पिसिन, ऑफ्लॉक्सासिन आणि मिनोसायक्लिन यांचा एकच डोस देण्याची पद्धत आली. काही वर्षं ती आपल्या देशात वापरली गेली. या तीन औषधांत आपल्या प्रश्नाची बरीच उत्तरं आहेत.

ऑफ्लॉक्सासिन हे सिप्रोफ्लॉक्सासिनचं भावंडं, तर मिनोसायक्लिन हे टेट्रासायक्लिनच्या घराण्यातलं. या दोन्ही घराण्यांना धातूंची ओढ असते. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त दिसलं की ती आतड्यातच त्याला चिकटून बसतात आणि रक्तात न जाता बाहेर पडतात. दुधात कॅल्शियम असतं. पोटातल्या जळजळीवरच्या पांढऱ्या औषधात मॅग्नेशियम आणि अॅल्युमिनियम असतं. आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त घरांत असते ती लोहाची गोळी. शाळेतल्या मुलींपासून गरोदर बायांपर्यंत सगळ्यांना ती मिळते. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लोहाची गोळी एकाच घोटात गिळली, तर सिप्रोफ्लॉक्सासिनचा बराचसा भाग फुकट जातो. लोहाची गोळी बंद करायची नाही, फक्त वेळा लांब ठेवायच्या. अँटिबायोटिक आधी, लोह किंवा कॅल्शियम त्यानंतर किमान दोन तासांनी. लोह आधी घेतलं असेल तर मधे सहा तास जाऊ द्या.

रिफॅम्पिसिन रिकाम्या पोटी घ्यायचं, जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी. क्लोफाझिमिनचं उलट आहे. ते जेवणाबरोबर घेतलं तर नीट शोषलं जातं. त्याने कातडी लालसर-काळी पडते, औषध संपल्यावर काही महिन्यांनी ती पूर्ववत होऊ लागते. म्हणजे एकाच रोगाच्या दोन औषधांना जेवणाचे दोन वेगळे नियम. म्हणून "अँटिबायोटिक जेवणाआधी की नंतर?" याचं सरसकट उत्तर नाही.

क्षयाच्या आयसोनियाझिडचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. ते चालू असताना काहींना ठराविक मासे, विशेषतः शिळे झालेले, किंवा मुरवलेलं चीज खाल्ल्यावर तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, धडधडणं असा त्रास होतो. आपल्या भागात चीज फारसं खाल्लं जात नाही, पण बाजारातले शिळे मासे जरूर टाळा.

आणि दारू. मोहाची असो की इंग्रजी, क्षयाची औषधं चालू असताना यकृतावर दुहेरी भार पडतो. भूक मरणं, उलट्या, डोळे पिवळे दिसणं यातलं काही झालं तर पुढचा डोस घेण्याआधी दवाखाना गाठा.

आशाताई दारात येतात तेव्हा

आता आपल्या जिल्ह्यातही कुष्ठरोग्याच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रोग होऊ नये म्हणून रिफॅम्पिसिनचा एक डोस दिला जातो. तो जरूर घ्या. एका डोसने रेचे वाढत नाहीत, त्यामुळे तुमच्या इतर गोळ्यांची फार चिंता करू नका. पण तीन गोष्टी आशाताईंना आधीच सांगा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, ताप किंवा वजन घटणं असेल तर सांगा. कारण अंगात दडलेला क्षय असताना हे औषध एकटं घेतलं तर क्षयाचे जंतू त्यालाच निर्ढावू शकतात. गरोदर असाल तर सांगा. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर सांगा.

शेवटी, एवढं करा

१. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत ठेवा आणि प्रत्येक भेटीला ती पिशवी आणा. पाळणा लांबवण्याची गोळी, लोहाची गोळी, वैद्यांचं चूर्ण, मेडिकलमधून आणलेली जळजळीची गोळी, सगळं त्यात आलं.

२. नवीन अँटिबायोटिक लिहून दिलं की दोनच प्रश्न विचारा. "माझ्या चालू औषधांबरोबर हे जमेल का?" आणि "जेवण, दूध, लोह यांचं काय करू?"

३. सिकलसेल, जी-सिक्स-पीडीची कमतरता, कावीळ, मूत्रपिंडाचा आजार, फिट, गरोदरपण आणि पूर्वी एखाद्या औषधाने आलेलं पुरळ या गोष्टी न विचारता सांगा.

४. अँटिबायोटिक चालू असताना शुगर, बीपी किंवा पाळीत अचानक बदल झाला तर स्वतःला दोष देत बसू नका. आधी फोन करा.

५. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी तुम्हाला लागू पडेलच असं नाही. त्याच्या पिशवीत दुसऱ्या गोळ्या आहेत.

घाटंजीकडच्या त्या बाईला पुढे मुलगी झाली. आई क्षयातून पूर्ण बरी झाली. काही वर्षांनी ती मुलीला घेऊन माझ्याकडे आली, मुलीला ताप होता. मी चिठ्ठी लिहायला घेतली तशी तीच म्हणाली, "साहेब, हिची रगत वाढायची गोळी चालू हाय, आधीच सांगून ठेवतो."

मी पेन खाली ठेवला आणि वेळा नीट समजावून सांगितल्या.